शहर सरासरीवर जोखू नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

राहण्यास उत्तम शहरांच्या क्रमवारीविषयी आपल्या दैनिकात अलीकडे जे लेखन आणि वाचकांची पत्रे प्रसिद्ध झाली, त्यांत एक खंत वारंवार दिसली. अशा कोणत्याही यादीत सांगलीचे नाव नाही, ही ती खंत. तिच्यामागची भावना मला समजते, पण ती पटत नाही. केंद्र सरकारने 2018 मध्ये जीवनसुलभता निर्देशांक प्रथम जाहीर केला, तेव्हा त्यासाठी 111 शहरे घेतली होती. त्यांत प्रामुख्याने स्मार्ट सिटी योजनेतली शहरे, राज्यांच्या राजधान्या आणि दहा लाखांहून अधिक वस्तीची शहरे होती. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत पाच लाखांच्या थोडी वर होती आणि स्मार्ट सिटीच्या यादीतही आपण नव्हतो. म्हणजे आपण नापास झालो नाही, आपल्याला परीक्षेला बसवलेच नव्हते. तेव्हा यादीत नाव नाही म्हणून हळहळण्यापेक्षा या याद्या नेमके काय मोजतात आणि शहरात घर शोधणारा माणूस काय पाहतो, यांत किती अंतर आहे, हे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते. मी एका बँकेच्या गृहकर्ज विभागातून निवृत्त झाले असल्यामुळे घर शोधणारी माणसे मी जवळून पाहिली आहेत, आणि हे पत्र लिहिण्याचा माझा अधिकार तेवढाच आहे.

जागतिक याद्यांपैकी आपल्याकडे ज्या यादीची बातमी दरवर्षी ठळकपणे छापली जाते, ती इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट या संस्थेची. तिच्यात 173 शहरे असतात. स्थैर्य व सुरक्षितता आणि संस्कृती व पर्यावरण यांना प्रत्येकी 25 टक्के, आरोग्यसेवा आणि पायाभूत सुविधा यांना प्रत्येकी 20 टक्के आणि शिक्षणाला 10 टक्के असे तिचे गुणांकन आहे. सलग तीन वर्षे व्हिएन्ना पहिले होते. 2025 मध्ये सुरक्षिततेचे गुण घसरल्याने ते मागे पडले आणि कोपनहेगन वर आले. या गुणांकनात घरभाडे, भाजीपाला किंवा शाळेची फी यांचा खर्च कुठेच धरलेला नाही, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. याला कारण आहे. परदेशी बदली झालेल्या अधिकाऱ्याला गैरसोयीचा भत्ता किती द्यावा, हे कंपन्यांना ठरवता यावे, हा अशा मोजणीचा एक प्रमुख उपयोग आहे. ज्याचे घरभाडे कंपनी भरते, त्याला शहर कसे वाटेल, याचे हे उत्तर आहे आणि त्या कामापुरते ते चोखही असेल. पण आपल्या पगारातून हप्ता भरणाऱ्या माणसाने ते आपल्या प्रश्नाचे उत्तर समजू नये.

आपल्या सरकारच्या निर्देशांकाची गोष्ट वेगळी. त्याचा हेतू महापालिकांना आपली कामगिरी कळावी हा होता आणि तो योग्यच आहे. 2018 च्या यादीत पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी आणि मुंबई तिसरी होती. मार्च 2021 मध्ये जाहीर झालेल्या पुढच्या यादीत दहा लाखांवरील शहरांत बंगळूर पहिले व पुणे दुसरे आले आणि दहा लाखांखालील शहरांत शिमल्याने पहिला क्रमांक पटकावला. त्या वेळी पुण्याचे काय चुकले यावर बरीच चर्चा झाली. वास्तविक दोन याद्यांमध्ये निकषच बदलले होते. दुसऱ्या यादीत नागरिकांच्या मताला 30 टक्के वजन देण्यात आले आणि शहरांचे दोन गटही पाडण्यात आले. मोजपट्टीच बदलल्यावर पुणे खाली गेले की बंगळूर वर आले, हे त्या क्रमांकांवरून कसे सांगणार? नागरिकांना विचारले ही सुधारणा मात्र मोठीच म्हणायला हवी.

माझा खरा आक्षेप सरासरीवर आहे. ज्या शिमल्याला छोट्या शहरांत पहिला क्रमांक मिळाला, तेथे 2018 च्या मे-जूनमध्ये अनेक भागांत कित्येक दिवस नळाला पाणी आले नव्हते आणि टँकरपुढे रांगा लागल्या होत्या. बंगळूरमध्ये सप्टेंबर 2022 मध्ये लक्षाधीशांच्या वसाहतींतून माणसे ट्रॅक्टर आणि बोटींतून बाहेर काढावी लागली आणि 2024 च्या उन्हाळ्यात त्याच शहरात विंधन विहिरी आटल्याने टँकरला सोन्याचा भाव आला. यावरून त्या याद्या खोट्या होत्या असे मला म्हणायचे नाही. वर्षाच्या 365 दिवसांची बेरीज करून सरासरी काढली की वाईट पंधरवडा चांगल्या अकरा-साडेअकरा महिन्यांत विरघळून जातो, एवढेच मी म्हणते. माणसाच्या हिशेबात तो पंधरवडा विरघळत नाही. पुढची दहा वर्षे कोठे राहायचे, हे तो त्या पंधरवड्यावरूनच ठरवतो.

सांगलीकरांना हे वेगळे सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 40 फुटांवर गेली की इशारा आणि 45 फुटांवर गेली की धोका, हे आकडे येथे शाळकरी मुलालाही पाठ असतात. ऑगस्ट 2019 मध्ये ती पातळी 57 फुटांच्या पुढे गेली. त्याआधी 2005 चा पूर होता आणि नंतर दोनच वर्षांनी जुलै 2021 मध्ये पुन्हा पाणी शहरात शिरले. (कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पूर वाढतो का, हा वाद मी येथे काढत नाही, त्याला स्वतंत्र पत्र लागेल.) पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा नकाशावर आहे. त्यांतली निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. पण घर घेणारा माणूस नकाशा नंतर पाहतो. शेजारच्याला तो आधी विचारतो, "एकोणीसला पाणी कुठवर आलतं?"

2019 नंतरचा एक प्रसंग सांगते. नदीकडच्या एका वसाहतीत तळमजल्याचे घर पाहण्यासाठी एक तरुण जोडपे आले होते, सोबत मुलाची आई होती. रंग ताजा होता, फरशी नवी होती. मुलगा हप्त्याची आकडेमोड करत होता, सून शाळेची रिक्षा कोठपर्यंत येते ते विचारत होती. आई मात्र काही न बोलता आतल्या खोलीत गेली, भिंतीला हाताची पालथी बाजू लावून उभी राहिली आणि मग वर पाहून घरमालकाला म्हणाली, "दादा, बटणं एवढी वर का घेतली?" विजेची सगळी बटणे आणि प्लग खांद्याच्याही वर होते. मालकाने प्रांजळपणे सांगितले की पाणी खालच्या बटणांच्या वर चढले होते, म्हणून दुरुस्तीत सगळी वायरिंग उचलून घेतली. त्यावर तिने दुसरा प्रश्न विचारला, "गच्चीची किल्ली कुणाकडं असते?" माझ्या साऱ्या नोकरीत घराविषयी इतका नेमका प्रश्न मी दुसरा ऐकला नाही. कोणत्याही निर्देशांकात तो नाही आणि असता तरी त्याची टक्केवारी काढता आली नसती.

त्या जोडप्याने ते घर घेतले, हेही सांगायला हवे. मुलाचे दुकान जवळ होते, गिऱ्हाईक बांधलेले होते आणि विश्रामबागेकडचे दर त्यांच्या आवाक्याबाहेर होते. म्हणून माणसे एखाद्या भागात टिकून राहतात, यावरून तो भाग राहण्यास चांगला आहे, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. कित्येकांना दुसरीकडे जाणे परवडत नाही, इतकेच. उलट, माणसे शहर सोडतात यावरून शहर वाईटच आहे असेही ठरत नाही. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय 1947 पासून येथे आहे आणि तेथून दरवर्षी शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी किती जणांना सांगलीत त्यांच्या शिक्षणाला साजेशी नोकरी मिळते, हे आपण जाणतो. विशीतला मुलगा पुण्याला शहर म्हणतो आणि सांगलीला गाव म्हणतो, ते त्याच्या जागी बरोबर आहे. त्याचे आई-वडील ज्या कारणांसाठी येथे सुखी असतात, ती कारणे त्याला अजून लागू होत नाहीत. या दोघांच्या मतांची बेरीज करून दोनाने भागले, तर जो आकडा येईल तो दोघांपैकी कोणाचाच नसेल.

आरोग्याच्या आकड्यांचेही असेच आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केल्यापासून मिरज ही दवाखान्यांची पेठ झाली. महापालिकेच्या लोकसंख्येने खाटांना भागले, तर आपण भल्याभल्या शहरांना मागे टाकू. पण त्या खाटांवर जत, अथणी, विजापूर, पंढरपूर येथून आलेले रुग्णही असतात, हे स्टेशनवर उतरणारी गर्दी पाहिली तरी कळते. मला त्याचा अभिमानच आहे. मात्र सांगलीत एकट्या राहणाऱ्या सत्तरीच्या बाईला रात्री अकरा वाजता छातीत कळ आली, तर तिला मिरजेपर्यंत पोचवायला कोण येते, हा प्रश्न खाटांच्या संख्येतून सुटत नाही. सांस्कृतिक वैभवाबद्दल थोडक्यात सांगते. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये याच सांगलीत मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, ही आपली पुण्याईच. पण त्या पुण्याईवर कोणी घर घेतल्याचे मी पाहिलेले नाही.

पाण्याच्या बाबतीत दरडोई दररोज 135 लिटर हा देशातील शहरांसाठी सर्वसाधारण मानदंड आहे. एखाद्या महापालिकेने उचललेले पाणी भागिले लोकसंख्या केले आणि तो आकडा गाठला, की त्या रकान्यात पूर्ण गुण मिळतात. आपल्याकडे कोयनेतून पाणी सुटले नाही तर उन्हाळ्यात कृष्णेचे पात्र कोरडे पडते, शेरी नाल्याचे सांडपाणी नदीत मिसळण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे निवडणुकीच्या भाषणांत पुरून उरला आहे, आणि टाकीच्या जवळच्या गल्लीला धो-धो पाणी असते तेव्हा टोकाच्या गल्लीतल्या बाया पहाटे मोटार लावून बसलेल्या असतात. भागाकारात यातले काहीच दिसत नाही. गुंठेवारीतल्या, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या जमिनींवरच्या, वसाहतींत तर रस्त्याची लांबीही फसवी असते. शामरावनगरच्या आतल्या भागात पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल इतका होतो की दुचाकी मुख्य रस्त्यावर लावून, चपला हातात घेऊन घर गाठावे लागते. कागदावर तेथेही रस्ता आहे.

यासाठी माझी सूचना अशी आहे. महापालिकेने शहराचा एकच आकडा देण्याऐवजी प्रभागवार आणि वर्षातील सर्वांत वाईट दिवसांचे आकडे जाहीर करावेत. कोणत्या प्रभागात सलग किती दिवस नळाला पाणी आले नाही, पुराचे किंवा पावसाचे पाणी किती दिवस साचून राहिले, वीज सलग किती तास नव्हती, शेवटची बस किती वाजता सुटते, बाजारपेठेत आलेल्या बाईला वापरता येईल असे, कुलूप नसलेले स्वच्छतागृह किती अंतरावर आहे, एवढे जरी कळले तरी पुष्कळ होईल. यातली बरीचशी माहिती नोंदवह्यांत आणि तक्रारींच्या फायलींत आजही आहे, तिच्यासाठी नवा सल्लागार नेमण्याची गरज नाही. नागरिकांचे मत घ्यायचे झाले, तर "आपण समाधानी आहात का?" असे मोघम विचारू नये. शहरावर प्रेम असणारा माणूस त्याला 'हो' म्हणतो आणि त्यात काही गैर नाही. त्याऐवजी गेल्या पाच वर्षांत घर बदललेल्यांना ते का बदलले, असे विचारावे, आणि बदलावेसे वाटूनही ज्यांना बदलता आले नाही, त्यांना काय आडवे आले, असेही विचारावे. भाडेकरूंना यातून वगळू नये. मतदारयादीत नाव नसले तरी शहराचा अनुभव त्यांनाच सर्वांत ताजा असतो.

महापालिका हे लगेच करील, अशी माझी अपेक्षा नाही. त्यामुळे आपणास विनंती आहे की, आपल्या दैनिकाने जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दर आठवड्याला एका प्रभागाची अशी माहिती वाचकांकडून मागवून प्रसिद्ध करावी आणि ती बरोबर आहे की नाही, हे महापालिकेकडून लेखी विचारून तेही त्याखाली छापावे. विश्रामबागेपासून सुरुवात केलीत, तर आमच्या रस्त्याची माहिती पाठवण्यास मी तयार आहे, आणि आमच्या भागाची बाजू भक्कम असल्याने पहिला आठवडा जरा निरस होईल, हेही आत्ताच सांगून ठेवते. कर्नाळ रोड, शामरावनगर आणि कुपवाडच्या वाचकांनी मात्र तोवर वाट पाहू नये.

आपली,
एक वाचक,
विश्रामबाग, सांगली