मंत्रिमहोदय, तुमच्या खात्याचा मेल आणि भामट्याचा मेल ओळखायचा कसा?

प्रति,
मा. लघुउद्योग मंत्री

मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

छोट्या व्यावसायिकांसाठी आपल्या खात्याने काढलेले ऑनलाइन सुरक्षिततेचे पत्रक मिळाले. ते मेलने आले. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात सरकारचे नाव नव्हते, कुठल्याशा प्रचार कंपनीचे होते. आत एक आखूड केलेली लिंक होती, ती कुठे नेणार हे वाचून कळत नव्हते. शेवटी इशारा होता: सात दिवसांत नोंदणी न केल्यास कारवाई होऊ शकते. आणि पत्रकातली पहिलीच सूचना अशी की अनोळखी पत्त्यावरून आलेली, घाई करायला लावणारी लिंक उघडू नका! माझ्या काही गिऱ्हाइकांनी तो मेल मला पाठवून विचारले, हे खरे आहे का? खात्यात फोन करून खात्री केली तेव्हा ते खरे निघाले. ज्यांनी तो मेल न उघडताच उडवला, त्यांनी पत्रकातली सूचना सर्वांत चांगली पाळली असे म्हणावे लागेल.

मी छोट्या व्यवसायांचे संगणक, मेल आणि बॅकअप सांभाळतो. दोन खुर्च्यांची कार्यालये, घरातून चालणारे उद्योग, पाच-सात माणसांची वर्कशॉप्स. यांच्याकडे आयटी विभाग नसतो. मालकच ऑर्डरी बघतो, मालकच बिले काढतो आणि प्रिंटर अडला की मालकच टेबलाखाली वाकतो. अशा माणसापुढे सूचनांची तीन पाने टाकली की तो एकही सूचना पाळत नाही. त्याला आळशी म्हणू नका. कुठली गोष्ट राहिली तर धंदा बसेल आणि कुठली राहिली तर फारसे बिघडणार नाही, हे त्या पानांत सांगितलेलेच नाही. सार्वजनिक वायफाय टाळा, हे ठळक अक्षरांत आहे. आता बहुतेक सगळ्या वेबसाइट एन्क्रिप्टेड जोडणी वापरतात, त्यामुळे तो धोका पूर्वीइतका राहिलेला नाही. पुरवठादाराचे बँक खाते बदलल्याचा मेल आला तर काय करावे, हे मात्र कुठेही नाही. आणि पैसे खरे जातात ते तिथेच.

एक प्रकरण सांगतो. एका वर्कशॉपला नेहमीच्या पुरवठादाराकडून मेल आला की लेखापरीक्षणामुळे आमचे खाते तात्पुरते बंद आहे, या वेळचे पैसे सोबतच्या खात्यावर टाका. मेल जुन्याच पत्रव्यवहाराला उत्तर म्हणून आलेला. खाली आधीची सगळी पत्रे, बिलाचा नंबर बरोबर, रक्कम बरोबर, सहीही तीच. फक्त पत्त्यातल्या डोमेनमध्ये, म्हणजे @ नंतरच्या नावात, एक अक्षर दोनदा होते. पैसे गेले. नंतर वर्कशॉपचा मेलबॉक्स तपासला तर सेटिंगमध्ये कोणीतरी एक नियम लावून ठेवलेला सापडला: या पुरवठादाराच्या खऱ्या पत्त्यावरून येणारा प्रत्येक मेल ‘वाचलेला’ अशी खूण करून ‘आरएसएस फीड्स’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचा. त्या फोल्डरकडे कोणी फिरकतही नाही. खरा पुरवठादार तिकडून पैशांची आठवण करत होता आणि त्याची पत्रे अडगळीत जाऊन पडत होती. चोर आत बसून मोठ्या बिलाची वाट पाहत होता.

यात व्हायरस नव्हताच, त्यामुळे अँटीव्हायरस बोलणार तरी काय? आणि हा प्रकार अपवादात्मक नाही. अमेरिकेच्या एफबीआयकडे 2023 साली आलेल्या तक्रारींत अशा बनावट व्यावसायिक मेलमुळे झालेले नुकसान 290 कोटी डॉलरच्या वर होते. खंडणीखोर व्हायरसमुळे (फायली कुलूपबंद करून सोडवायला पैसे मागणाऱ्या) झालेले नोंदवलेले नुकसान सहा कोटी डॉलरच्या आत. (दुसऱ्या आकड्यात बंद पडलेल्या कामाचा तोटा धरलेला नसतो, तरीही फरक बघा.) चर्चा मात्र सगळी व्हायरसची.

यावरचा उपाय फुकट आहे. खाते बदलल्याचे कोणीही कळवले, तरी आपल्या वहीत आधीपासून असलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन करून विचारायचे. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर करायचा नाही, आणि समोरून आलेला फोनही ग्राह्य धरायचा नाही. आता आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते, तेव्हा ‘आवाज ओळखीचा होता’ याला अर्थ उरलेला नाही. नवीन खात्यावर पहिल्यांदा पैसे टाकताना दुसऱ्या माणसाने बघितल्याशिवाय टाकायचे नाहीत, मग घाई मालकाची का असेना. आणि महिन्यातून एकदा मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन आपण न लावलेला नियम किंवा फॉरवर्डिंग तर नाही ना, हे बघायचे. पत्रकात एवढेच छापले असते तरी पुरले असते.

पण इथे तुमच्या हातातही एक गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये 2020 पासून मोठ्या बँका पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव जुळते का ते दाखवू लागल्या. युरो वापरणाऱ्या देशांत ऑक्टोबर 2025 पासून ही तपासणी बँकांना बंधनकारक आहे, तीही ग्राहकाकडून शुल्क न घेता. जिथे ही सोय नाही तिथे ती आणण्यासाठी अर्थखात्याच्या मागे लागणे, हे शंभर जागृती शिबिरांपेक्षा मोलाचे काम आहे.

आता चोर मेलबॉक्समध्ये शिरतो कसा? बहुतेकदा, दुसऱ्या कुठल्या तरी वेबसाइटवरून फुटलेला पासवर्ड इथेही तोच ठेवलेला असतो म्हणून. मे 2021 मध्ये अमेरिकेत खंडणीखोर व्हायरसच्या हल्ल्यामुळे कोलोनिअल पाइपलाइन ही इंधनवाहिनी बंद ठेवावी लागली. वापरात नसलेले, पण बंद करायचे राहून गेलेले एक जुने लॉगिन खाते हे चोरांचे दार होते. त्या खात्याला पासवर्डशिवाय दुसरे कुलूप नव्हते. एवढ्या मोठ्या कंपनीचे हे, तर नोकरी सोडून गेलेल्या हिशेबनीसाचे खाते वर्षभर चालू ठेवणाऱ्या छोट्या कार्यालयाचे काय सांगावे! माणूस गेला की त्याच दिवशी त्याचे खाते बंद, आणि मेलला दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी), ही माझ्या दृष्टीने सर्वांत आधी करायची कामे. सुरुवात मेलपासूनच करावी, कारण बँक सोडून बाकी बहुतेक सगळ्या ठिकाणचा ‘पासवर्ड विसरलात?’ याच पेटीत येऊन पडतो. कोड एसएमएसने येण्यापेक्षा ॲपमधून घेतलेला बरा, कारण आपला नंबर स्वतःच्या सिमकार्डवर फिरवून घेणारे भामटे आहेत. पासकी (पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली) मिळत असेल तर त्याहून उत्तम, ती नकली वेबसाइटवर चालतच नाही. पण एसएमएस हाच पर्याय असेल तर तोही घ्या. काहीच नसण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

आणि इथे पुन्हा तुमच्याच दारात यावे लागते. आपल्या खात्याचे पोर्टल दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावते. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने 2017 सालीच सांगितले आहे की पासवर्ड फुटल्याची शंका नसताना तो ठरावीक मुदतीने बदलायला लावू नये. लोक नवा पासवर्ड बनवत नाहीत, जुन्याच्या शेवटचा आकडा एकाने वाढवतात आणि चिठ्ठी मॉनिटरला चिकटवतात. शिवाय तुमच्या पोर्टलवर पासवर्ड पेस्ट करता येत नाही. पत्रक सांगते पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड लक्षात ठेवणारे ॲप) वापरा, पोर्टल तो चालू देत नाही. निस्टने पेस्ट करू द्या असेही तेव्हाच म्हटले होते. हा बदल करायला समिती नेमायची गरज नाही. प्रोग्रामरचे एका दुपारचे काम आहे.

बॅकअपबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ‘आहे की बॅकअप’ हे उत्तर मला सर्वांत जास्त ऐकायला मिळते. बघायला जावे तर डिस्क संगणकालाच जोडलेली असते, रात्रंदिवस. खंडणीखोर व्हायरस शिरला की तो संगणकाबरोबर तीही डिस्क कुलूपबंद करतो. एक प्रत तरी काढून बाजूला ठेवलेली हवी, आणि एक दुसऱ्या जागी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती प्रत परत चढवून बघितलेली हवी. जानेवारी 2017 च्या शेवटच्या दिवशी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका तंत्रज्ञाकडून मुख्य डेटा पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, पण पाचांतली एकही नीट चालत नव्हती. चाचणीसाठी सहा तास आधी कोणीतरी काढून ठेवलेली प्रत होती, म्हणून निभावले. कंपनीने हे सगळे स्वतःहून जगजाहीर केले, त्याचे मला फार कौतुक वाटते. छोट्या व्यावसायिकाने तिमाहीतून एकदा मागच्या वर्षीचे एखादे बिल बॅकअपमधून उघडून दाखवावे. उघडले नाही तर बॅकअप नाही असेच समजावे.

अपडेटबद्दल एवढेच: वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस मे 2017 मध्ये जगभर पसरला, तेव्हा तो शिरत होता ती विंडोजमधली खिंड बुजवणारे अपडेट येऊन दोन महिने झाले होते. विंडोज 10 चा नेहमीचा आधार ऑक्टोबर 2025 मध्ये संपला आहे. जुनी यंत्रे बदलायला अर्थसाहाय्य द्यायचे असेल तर हीच वेळ आहे.

शेवटचा मुद्दा तक्रारीचा. ‘आपण एवढेसे, आपल्याकडे कोण बघतो’ असे व्यावसायिकांना वाटते. 2013 च्या अखेरीस अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे चार कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर तिथपर्यंत पोचले ते शीतकरणाची कामे घेणाऱ्या एका छोट्या कंत्राटदाराचे लॉगिन चोरून. छोटा माणूस मोठ्याच्या घराची किल्ली बाळगून असतो, म्हणून तो फसल्याचे लगेच कळणे सगळ्यांच्याच हिताचे आहे. पण आपल्या खात्याचा तक्रार अर्ज भरायला अर्धा दिवस लागतो, आणि फोन उचलणारा पहिल्यांदा विचारतो, ‘तुम्ही लिंक उघडलीच का?’ हे ऐकल्यावर पुढचा माणूस फसल्याचे घरातसुद्धा सांगत नाही. गेलेले पैसे वाटेत अडवता येतात ते सुरुवातीच्या काही तासांतच. त्यासाठी तीनच गोष्टी विचारायला हव्यात: पैसे किती वाजता गेले, कुठल्या खात्यावर, आणि बँकेला कळवले का. बाकीचे रकाने दुसऱ्या दिवशी भरता येतील.

सुधारित पत्रकाचा एक पानी मसुदा स्वतंत्रपणे टपालाने पाठवत आहे. त्यात लिंक नाही.

आपला,
छोट्या व्यवसायांचे संगणक सांभाळणारा एक तंत्रज्ञ