सांबराला वाचवणाऱ्या डॉक्टरांना जाहीर पत्र

डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी आभार मानायला पुढे आलो, तर "आधी पाणी आणा" म्हणालात. आणि सांबर उठल्याबरोबर जीपमध्ये बसून गेलात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

बेळगाव जिल्ह्यातल्या भीमगड अभयारण्याच्या रानाला लागून आमच्या काजूच्या बागा आहेत. रानडुकरासाठी कुणीतरी लावलेल्या क्लच वायरच्या फासात सांबराची मादी अडकली होती. तार पुढच्या पायात रुतलेली, तोंडाला फेस. जमलेल्यांतला एकजण कळवळून म्हणाला, "गोळी घालून सोडवा की हो तिला." तुम्ही त्याच्यावर डाफरला नाहीत. हाड शाबूत दिसतंय म्हणालात आणि सगळ्यांना लांब पिटाळलंत. घाबरून धडपडलेलं हरीण जखमेने नाही तरी स्नायू निकामी होऊन नंतर मरू शकतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

डार्ट गन, म्हणजे भुलीच्या औषधाची सुई मारणारी बंदूक, भरलेली, जनावर समोर, तरी तुम्ही चाप ओढेनात. ती तुमच्याकडे तोंड करून उभी होती तोवर थांबलात. वळली, मागच्या मांडीचा फरा पुरता आडवा आला, तेव्हाच डार्ट सुटला. बरगड्यांत बसला तर सुई फुप्फुसात, पोटावर बसला तर आतड्यात, म्हणून फरा नाहीतर खांदा, मांसल जागाच हवी, असं नंतर सांगितलंत. ज्या देशांत हरणाची शिकार कायदेशीर आहे, तिथलाही चांगला शिकारी असाच थांबतो म्हणालात. जनावर आडवं उभं राहून पुढच्या पायामागे, हृदय-फुप्फुसांच्या जागी नेम मिळाला तरच गोळी. नाहीतर बंदूक खाली. पोटात गोळी लागलेलं हरीण तासन्‌तास तडफडतं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि फास लावणं ही शिकारच. फास लावणाऱ्याला तर नेम धरायचाच नसतो. कोण अडकेल, तार कुठे आवळेल, किती वेळ जीव जाणार नाही, यातलं काहीच त्याच्या हातात नसतं.

ती बसल्यावर डोळ्यांवर ओला पंचा टाकलात, कुशीवर पडू न देता उरावर बसवलीत. कुशीवर पडलं तर रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट फुगतं, चारा उलटून श्वासनळीत जातो. मान माझ्या हातात दिलीत: डोकं वर, नाक खाली, लाळ बाहेर गळू दे. तिचा कान माझ्या मनगटाला लागत होता, तापलेला. तुम्ही ताप बघून अंगावर पाणी ओतायला लावलंत आणि तार कापून जखम धुतलीत. शेवटी उताऱ्याचं इंजेक्शन दिलंत. थोड्या वेळाने उठली, लंगडत रानात गेली.

साहेब, तुमच्या त्या थांबण्याचे आभार. घाई केली असती तरी तुम्हाला कोणी नाव ठेवलं नसतं.

वनरक्षकांना सोबत घेऊन आमची पोरं आता बांधाबांधाने तारा शोधून काढतायत. सुगी आटोपली की देवळात बैठक घेणार आहोत. आजूबाजूच्या वाड्यांतले शेतकरीही येतील. जे आम्हाला सांगितलंत ते त्यांनाही सांगायला या. जेवण आमच्या घरी.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक शेतकरी