गे फौजीला लपायला लावणं बंद करा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

माजी सैनिकांना आयटीत नोकऱ्या कशा मिळतील यावर हल्ली बरंच बोललं जातं, मेळावे होतात, ते चांगलंच आहे, पण फौजेतून आयटीत गेलेल्या एका प्रकारच्या माणसाबद्दल स्टेजवर कुणीच बोलत नाही म्हणून हे पत्र. मी सिग्नल्समधून, म्हणजे फौजेच्या संपर्क यंत्रणा सांभाळणाऱ्या शाखेतून, रिटायर झालेला हवालदार, आता अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांत सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगची कामं घेतो. माझ्याच युनिटमधला एक दोस्त आज हिंजवडीत एका कंपनीत नेटवर्क सिक्युरिटी बघतो. तो गे आहे. पेन्शनला लागतात ती पंधरा वर्षं भरायच्या आधीच त्याने फौज सोडली. कुणी काढलं नाही, कुणी विचारलंही नाही, पण आज ना उद्या कुणाला तरी कळेल आणि मग कोर्ट मार्शल, घरी पत्र, गावात बोभाटा, या धास्तीत त्याला झोप लागेना, शेवटी अर्ज टाकून मोकळा झाला.

माणूस कामाला कसा होता ते सांगतो. बर्फात केबल तुटली की जाड हातमोजे घालून जॉइंट मारता येत नाही, बोटांना तार कळावी लागते. हा गडी टॉर्च दातात धरून उघड्या हातांनी तार सोलायचा, गाठ मारायचा, पिळायचा, टेप गुंडाळायचा आणि समोरून 'लाईन ओके' ऐकू येईपर्यंत जागचा हलायचा नाही. बोटं सुजायची त्याची. आमच्यात रात्रीची लाईन गेली की सगळ्यात आधी त्यालाच उठवायचे. तो कुणावर प्रेम करतो याने त्या जॉइंटमध्ये काय फरक पडत होता, मला कुणीतरी सांगा.

त्यानेच मला फ्रँक कॅमेनी यांच्याबद्दल सांगितलं आणि तेव्हापासून तो माणूस डोक्यातून जातच नाही. अमेरिकेचा, दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत लढलेला. भरती होताना त्याला समलैंगिक आहेस का म्हणून विचारलं, त्याने नाही म्हणून सांगितलं, कारण हो म्हणला असता तर घेतलंच नसतं. युद्धानंतर शिकला, १९५६ मध्ये हार्वर्डमधून खगोलशास्त्रात पीएचडी केली आणि १९५७ मध्ये अमेरिकन आर्मीच्या नकाशा विभागात लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रशियाने स्पुटनिक सोडला, अमेरिकेला असल्या माणसांची कधी नव्हे इतकी गरज होती, आणि नेमकं तेव्हाच तो गे आहे म्हणून नोकरीवरून काढलं आणि नंतर कुठलीच सरकारी नोकरी मिळणार नाही अशी सोय केली. १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी काढलेल्या हुकमामुळे असल्या लोकांना सरकारी नोकरीत धोका समजत होते, कारण काय तर म्हणे शत्रू त्यांना ब्लॅकमेल करेल.

आता या ब्लॅकमेलचं बघा, माझा सगळा मुद्दा इथेच आहे. माणूस ब्लॅकमेल कधी होतो, त्याच्याकडे लपवायला काही असलं तरच ना? आणि त्याला लपवायला कोण लावतं, तर हाच नियम. ज्या दिवशी सरकार म्हणेल की तू गे आहेस तर आहेस, कामाचं बोल, त्या दिवशी ब्लॅकमेल करणाऱ्याच्या हातात काय उरलं? दोस्त म्हणतो सिक्युरिटीत हे पहिल्या दिवशी शिकवतात, भोक तुम्हीच ठेवलं असेल तर आत शिरणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. आपल्याकडे हनी ट्रॅपच्या बातम्या तर येतच असतात, त्यात अडकणारे काय गे असतात म्हणून अडकत नाहीत, भीतीपोटी अडकतात, वरिष्ठांना कळेल, घरी कळेल या भीतीपोटी.

कॅमेनी गप्प बसला नाही. वकील सोडून गेल्यावर स्वतःच अर्ज लिहून सुप्रीम कोर्टात गेला, १९६१ मध्ये कोर्टाने ऐकूनही घेतलं नाही. त्याच वर्षी त्याने वॉशिंग्टनमध्ये संघटना उभी केली, १९६५ मध्ये व्हाईट हाऊससमोर निदर्शनं केली, तीही पुरुषांनी कोट-टायमध्ये यायचं अशी ताकीद देऊन, नोकरी मागायची तर नोकरीला शोभेल असं दिसलं पाहिजे हा त्याचा हट्ट. पुढे १९७५ मध्ये हवाई दलातला लिओनार्ड मॅटलोविच, व्हिएतनाममध्ये जखमी होऊन मेडल मिळवलेला, त्याने आपण गे आहोत हे वरिष्ठांना पत्र लिहून कळवलं, त्याच्या पाठीशीही हाच कॅमेनी. २००९ मध्ये सरकारने कॅमेनीची रीतसर माफी मागितली. २० सप्टेंबर २०११ ला अमेरिकन सैन्यातली बंदी उठली, तेव्हाचा नियम म्हणजे सांगू नका आम्ही विचारणार नाही असला होता आणि त्या एका नियमाखाली तेरा हजारांवर लोकांना घरी पाठवलेलं. त्यानंतर तीन आठवड्यांत कॅमेनी वारला, ८६ वर्षांचा होऊन. एवढं बघायला जगला याचं मला लई बरं वाटलं.

ब्रिटनने सैन्यातली अशी बंदी त्याच्याही आधी उठवली, १२ जानेवारी २००० ला. ही तारीख आपल्या सोलापुरात कुणाला सांगायला नको, १९३१ मध्ये याच दिवशी आपल्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी दिलं होतं. ज्यांनी फाशी दिलं त्यांचं सैन्य बदलू शकतं, २०२३ मध्ये त्यांचा पंतप्रधान संसदेत उभा राहून काढून टाकलेल्या सैनिकांची माफी मागू शकतो, मग आपल्याला काय अडचण आहे?

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सज्ञान लोकांचे संमतीचे संबंध बाहेर काढले. त्यात आयआयटीच्या वीस आजी-माजी विद्यार्थ्यांचीही याचिका होती. पण फौजेला १९५० चा आर्मी ॲक्ट लागू आहे, त्यातलं कलम ४६ अनैसर्गिक वर्तनाला सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं, अधिकाऱ्यांना वर न शोभणाऱ्या वर्तनाचं कलम ४५ आहेच, आणि राज्यघटनेच्या ३३ व्या कलमाने संसदेला सैनिकांचे मूलभूत हक्क आवळायची मुभा आहे. जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी फौजेत हे चालणार नाही असं स्पष्टच सांगितलं होतं. रावत साहेबांबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. २०२० मध्ये मेजर जे. सुरेश यांनी फौज सोडल्यावर उघडपणे आपण गे असल्याचं सांगितलं, त्यावरून सुचलेली दिग्दर्शक ओनिर यांची स्क्रिप्ट २०२२ मध्ये संरक्षण मंत्रालयाने नामंजूर केली. म्हणजे गोष्ट सांगायलाही परवानगी नाही.

काही जण म्हणतील बॅरकमध्ये शिस्त बिघडेल. शिस्त बिघडवणाऱ्याला शिक्षा कराच, जबरदस्ती केली, रँकचा गैरफायदा घेतला, ड्युटीवर चाळे केले तर कुणालाही सोडू नका, मग तो कुणीही असो. मात्र दोन मोठी माणसं राजीखुशीने, सुट्टीवर, आपल्या घरात काय करतात ते कलमात बसवू नका.

सिव्हिलमध्ये तरी मोकळं वाटतं असं दोस्त म्हणतो. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्यासारखा माणूस अमेरिकेतली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून आला आणि २००२ मध्ये अशा लोकांसाठी समपथिक ट्रस्ट ही संस्था काढून आयुष्य यात घातलं, त्यामुळे याच्यासारख्यांना निदान जायला एक दार मिळालं. आता दोस्तही सुट्टीच्या दिवशी फौज सोडलेल्या अशा पोरांना रिझ्युमे लिहून देतो, लिनक्स शिकवतो, पोलिसांनी त्रास दिला तर वकील गाठून देतो. सोलापुरात असं काही आहे का? गड्ड्याच्या जत्रेला आला की तो हेच विचारतो आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

म्हणून दोन मागण्या. आपल्या खासदारांनी संसदेत प्रश्न विचारावा की सज्ञान सैनिकांच्या संमतीच्या संबंधांना कलम ४६ लागू आहे की नाही, आणि उत्तर लेखी घ्यावं. दुसरं, माजी सैनिकांसाठी जिल्ह्यात जी सरकारी मदत मिळते तिथे असा कुणी आला तर त्याची माहिती बाहेर जाणार नाही एवढी हमी द्या, बाकी तो आपलं बघून घेईल.

पत्र छापाल तर माझं नाव टाकू नका, युनिटची माणसं वाचतात, मित्र ओळखू येईल.

आपला,
एक माजी सैनिक (सिग्नल्स), सोलापूर