शंभर नॅनोसेकंदांची सरळ रेघ

म्युनिक

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी इथे नेमकं काय करते, असं तुम्ही विचारलं होतंत. फोनवर ते नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

अंतर काढण्यासाठी लेझरचा पल्स जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजायचा आहे. पल्स निघाला की रॅम्प, म्हणजे एकसारखं वाढत जाणारं व्होल्टेज, चढायला लागतो, परतला की थांबतो. थांबला तेव्हा जेवढं व्होल्टेज, तेवढा वेळ. दुकानात टीव्हीची व्हर्टिकल लिनिॲरिटी लावताना तुम्ही पॅटर्नमधल्या चौकटी वरखाली सारख्या होईपर्यंत प्रीसेट फिरवायचात ना, तेच हे काम. फक्त तो सॉटूथ, म्हणजे टीव्हीतला रॅम्प, २० मिलिसेकंदांचा होता; माझा रॅम्प १०० नॅनोसेकंदांत १० व्होल्ट चढतो. १ मिलिव्होल्ट म्हणजे १० पिकोसेकंद, आणि तेवढ्यात प्रकाश ३ मिलिमीटर जातो. रेघ जराशी वाकली तरी अंतर चुकतं.

रेझिस्टरमधून कपॅसिटर चार्ज केला तर करंट घटत जातो आणि रेघ वाकते, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून पीएनपी ट्रान्झिस्टरचा, करंट एकसारखा ठेवणारा कॉन्स्टंट करंट सोर्स केलाय: १०० पिकोफॅरडला १० मिलिॲम्पिअर.

खरी मेख सुरुवातीला आहे. सॅच्युरेशनमधला, म्हणजे पूर्ण चालू असलेला ट्रान्झिस्टर बंद व्हायलाच वेळ घेतो, तोवर निम्मा रॅम्प हातचा जातो. त्यामुळे करंट बंद करायचाच नाही. एमिटर जोडलेली पीएनपीची जोडी ठेवायची. एरवी करंट एका बाजूने ग्राउंडला जातो, पल्स आला की तोच दुसऱ्या बाजूने कपॅसिटरकडे वळतो. शिवाय कपॅसिटरचं चढतं व्होल्टेज या जोडीमुळे सोर्सपर्यंत पोचत नाही, त्यामुळे करंट ढळत नाही. मला हे सर्किट फार आवडतं.

कपॅसिटर एनपीओच हवा, म्हणजे कपॅसिटन्स स्थिर राहणाऱ्या सिरॅमिकचा. साध्या सिरॅमिकची कपॅसिटन्स व्होल्टेजबरोबर बदलते. आणि ऑसिलोस्कोपचा टेन-एक्स प्रोब थेट लावला की त्याचे दहाएक पिकोफॅरड मिळून रॅम्प नऊ टक्क्यांनी मंदावतो! मीटर लावला की सर्किट बदलतं, हे तुमचं वाक्य इथे रोज आठवतं. म्हणून मध्ये कपॅसिटरवर भार पडू न देणारा फेट ट्रान्झिस्टरचा बफर घातलाय आणि स्कोप त्याच्या पुढे लावते.

दादाच्या व्हॉट्सॲपवर आकृती पाठवली आहे. कपॅसिटर रिकामा करायला स्विच म्हणून मॉसफेट ट्रान्झिस्टर लावलाय, पण त्याची स्वतःची कपॅसिटन्सही व्होल्टेजबरोबर बदलते आणि रॅम्पच्या तळाशी किंचित बाक येतो. तुम्ही तिथे काय लावलं असतंत, ते कळवा.

आईला नमस्कार.

तुमची,
मनू