बंबलबीचे घरटे नको, धुरा तेवढा जाळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बागेत बंबलबीसाठी, म्हणजे थंड मुलखातल्या केसाळ रानमाशीसाठी, घरटे कसे करावे, असा सचित्र लेख आला होता. चित्रे देखणी होती आणि लिहिणाऱ्याची कळकळही दिसत होती. आमच्या गावातल्या शाळकरी पोरांनी तर दुसऱ्याच दिवशी फुटक्या कुंड्या गोळा करायला सुरुवात केली. त्यांचा हिरमोड होण्याआधी सांगितलेले बरे, म्हणून हे पत्र. शिवाय आपल्याकडच्या माशांसाठी धुरा, म्हणजे शेताचा बांध, का जाळू नये, तेही सांगायचे आहे.

बंबलबी विदर्भात नाही. आपल्या देशात तिच्या चाळीसहून जास्त जाती आहेत, पण त्या काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडपासून सिक्कीम-अरुणाचलपर्यंत, हिमालयाच्या अंगाखांद्यावर. ती थंडीची माशी. अंगभर दाट केस, आणि घरट्यातली पिल्ले तिशीच्या आसपासच्या तापमानात वाढवायची. बाहेर गारठा असला तर ती अंग थरथरवून ऊब तयार करते. उन्हाळ्यात पंखांनी वारा घालते, पण त्यालाही मर्यादा आहे. आपल्या वर्धा-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर चढतो, तिथे तिने जगायचे कसे? आणलीच कोणी कुठून विकत, तर आठवडाभरही टिकायची नाही. टिकली तर जास्त काळजीची गोष्ट. दक्षिण अमेरिकेत चिली देशाने 1997 नंतर फळबागा आणि टोमॅटोसाठी युरोपातली बंबलबी आणली. ती सीमा ओलांडून अर्जेंटिनात पसरली आणि तिथली मूळची मोठी केशरी बंबलबी अनेक भागांतून दिसेनाशी झाली.

लेखातली रीतही युरोपासारख्या थंड मुलखाची. तिकडे बंबलबीची राणी हिवाळाभर एकटी जमिनीत झोपते, वसंतात उठते आणि उंदराचे सोडलेले बीळ शोधते. म्हणून कुंडी पालथी पुरायची, आत सुके शेवाळ भरायचे आणि पाइपाचे एक तोंड बाहेर काढायचे. तिकडेही अशी ठेवलेली बरीचशी घरटी रिकामीच राहतात, हे लेखात आले असते तर बरे झाले असते. आपल्या काळ्या जमिनीत कुंडी पुरली तर श्रावणात तिच्यात पाणी भरेल, आणि चैत्रात जमीन उलली की कुंडीही तडकेल. मधल्या काळात मुंगळे, बेडूक आणि एखादा विंचू सुखाने नांदतील. विंचवाला घर करून द्यायला माझी हरकत नाही, पण त्यात लहान पोरांनी हात घालावा हे मला पटत नाही.

लेखातले चित्र पाहून पुष्कळांना वाटले असेल की हा तर आपला भुंगा. तो वेगळा. आपला भुंगा थोराड, काळा कुळकुळीत, उन्हात पंखांवर निळी-जांभळी झाक मारणारा. काही जातींत मादीच्या पाठीवर पिवळा पट्टा असतो. तो गोतावळा करून राहत नाही. एकेक मादी सुक्या लाकडात किंवा वेळूत स्वतःचे बोळ कोरते. तोंड इतके गोल की गिरमिटाने पाडल्यासारखे. लाकूड ती खात नाही, कुरतडून भुसा बाहेर टाकते. आत परागाचा आणि मधाचा गोळा ठेवायचा, त्यावर एक अंडे घालायचे, भुशाचा पडदा लावायचा, मग पुढची खोली. एका बोळात पिल्ले बोटांवर मोजावी इतकीच. त्यामुळे चपलेने मारलेला एक भुंगाही मोठा तोटा असतो. आणि तोंडापुढे येऊन घोंघावणारा, ज्याला पाहून आपण पळतो, तो बहुधा नर असतो. त्याला नांगीच नसते. मादीला असते, पण हातात धरून दाबल्याशिवाय ती सहसा चावत नाही.

शेजारच्या म्हातारबाबांनी मला विचारले, "काकू, थे भुंगे मयाल पोखरून रायले नं, त्याईले पोसा म्हन्ता का?" प्रश्न रास्त आहे. घराच्या मयालीत, म्हणजे छताच्या लाकडी तुळईत, त्याने बोळ करावे असे कोणालाच वाटणार नाही. मयालीला जवसाचे तेल किंवा रंग द्या, जुनी भोके बुजवा, आणि गोठ्याच्या मागे सावरीचे नाही तर शेवग्याचे सुके खोड तसेच उभे राहू द्या. मऊ लाकूड मिळाले की तो सागवानाच्या मागे कशाला लागेल? रॉकेल ओतण्याची मात्र गरज नाही.

इतकी आर्जवे कशासाठी, तर वांग्यासाठी आणि तुरीसाठी. वांग्याच्या फुलात पराग उघडा नसतो. पुंकेसराच्या टोकाला बारीक छिद्र असते आणि पराग आत कोंडलेला. मधमाशी त्यावर बसते खरी, पण तो तिला नीट झाडता येत नाही. भुंगा फुलाला धरून पंख न हलवता नुसते छातीचे स्नायू थरथरवतो, आवाज एकदम चढतो आणि पराग छिद्रातून भुकटीसारखा उडतो. सकाळी वांग्याच्या वाफ्यात उभे राहिले की तो आवाज ओळखू येतो. टोमॅटोचेही तसेच, म्हणून तर युरोपात काचघरातल्या टोमॅटोसाठी बंबलबीच्या पेट्या विकत घेतात. आपल्याकडे हे काम फुकट होते आहे. तरोट्याच्या (टाकळ्याच्या) पिवळ्या फुलावरही हाच कार्यक्रम चालतो, पण तरोटा आपण भाजीपुरता खुडतो आणि पुढे तण म्हणून मारतो.

तुरीची गोष्ट थोडी वेगळी. तूर स्वतःच्या परागावरही धरते, त्यामुळे भुंगा नसला तर शेंगाच लागणार नाहीत, असे मी म्हणणार नाही. पण खालच्या दोन जुळलेल्या पाकळ्यांत झाकलेला पराग वजनदार माशी बसली की मोकळा होतो आणि एका झाडाचा दुसऱ्या झाडाला जातो. बीजोत्पादनाच्या प्लॉटला दुसऱ्या वाणाच्या तुरीपासून अंतर राखायला लावतात, ते याचमुळे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने तुरीचे जे संकरित वाण काढले, त्यांच्या बियाण्याचा सगळा भार या माशांवरच आहे. तुरीवर भुंग्याच्या जोडीला आणखी एक कारागीर येते. गुलाबाच्या किंवा तुरीच्या पानाला गोल कात्री लागलेली दिसते ना, ती पाने कापणाऱ्या माशीची करणी. कापलेल्या तुकड्यांनी ती नळीत अस्तर लावते आणि पराग पोटाखालच्या केसांत भरून आणते. पान कातरले म्हणून फवारा काढणारे लोक मी पाहिले आहेत. ती पान खात नाही, नेते.

भुंगा आणि पाने कापणारी, या दोघांसाठी घरटे करायचे असेल तर खर्च शून्य. बुरडाकडे सुपे-टोपल्या विणून उरलेले वेळूचे तुकडे मागून आणावे. मानवेल जातीचा वेळू उत्तम. वीतभर लांबीचे तुकडे असे कापावे की एका बाजूला पेर म्हणजे गाठ राहील आणि दुसरे तोंड उघडे. पाने कापणारीला सहा ते आठ मिलिमीटरची पोकळी पुरते, भुंग्याला बारा ते पंधरा लागते, म्हणून बारीक-जाड दोन्ही घ्यावे. तोंडाच्या कडा घासून गुळगुळीत कराव्या, नाहीतर फाट्यांनी तिचे पंख फाटतात. रंग, वार्निश, डांबर काही नको. जुडगा तारेने घट्ट बांधून गोठ्याच्या वळचणीखाली छातीइतक्या उंचीवर, पूर्वेकडे तोंड करून पक्का ठोकावा. लोंबकळता ठेवला तर वाऱ्यात हलतो आणि माशी येत नाही. तारेला ग्रीस लावले की मुंगळे चढत नाहीत. पानांनी, मातीने किंवा भुशाने तोंड बंद झालेले दिसले की आत पिल्ले आहेत असे समजावे. मग तो जुडगा हलवू नये, टोकरून पाहू नये. पिल्ले बाहेर पडून नळ्या रिकाम्या झाल्या की पुढच्या खेपेला नवे तुकडे लावावे, कारण जुन्यात किडे-कोळी साठतात.

पण वेळूत राहणाऱ्या माशा थोड्या, जमिनीत राहणाऱ्या जास्त. पोटावर निळे पट्टे असलेली एक चपळ माशी तुळशीवर, सब्जावर, वांग्यावर येते. हीसुद्धा थरथरवून पराग काढणाऱ्यांतली. ती कोरड्या, उघड्या मातीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ करते. गावात विटा-सिमेंटची घरे झाली, ती व्हायलाच हवी होती, ओल्या कुडात कोणी किती दिवस राहायचे? पण तिची भिंत गेली. आता तिला उरला तो धुरा. आणि धुऱ्याचे आपण काय करतो? पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वेचणी संपली की फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळलेले गवत, रायमुनिया (घाणेरी), बोरीच्या काट्या सगळे एकदम पेटवून देतो. पोकळ आणि भेंडाच्या काड्यांत छोट्या माशांची घरे असतात, ती काड्यांसकट जातात. एकाचा जाळ दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत शिरल्यावरून भांडणे होतात, ती वेगळी. त्यातून जो धुरा वाचतो तो ट्रॅक्टर आल्यापासून दर उन्हाळवाहीत हातभर आत येतो. सातबाऱ्यावर तेवढी जमीन वाढत नाही, पण फाळाला कोण थांबवणार?

माझे म्हणणे एवढेच आहे की दर शेताचा एक तरी धुरा, चारांतला एक, न जाळता आणि न नांगरता ठेवावा. उंदीर-घुशी वाढतील, साप येतील, असे लोक म्हणतात. येतात. पण धुरा जाळणाऱ्यांच्या वावरातही घुशी कमी झालेल्या मला दिसल्या नाहीत. त्या धुऱ्यावर रुई असली तर राहू द्यावी, भुंग्याचे ते आवडते फूल आहे आणि भर उन्हाळ्यातही फुललेले असते. अंबाडीची एखादी ओळ टाकावी, तरोटा बी धरेपर्यंत ठेवावा. संपूर्ण शेत पडीक ठेवा असे कोणी सांगत नाही.

फवारणीबद्दल थोडक्यात. तूर फुलावर असताना दिवसा फवारू नये, सूर्य कलल्यावर फवारावे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा मास्क-हातमोज्यांची चर्चा झाली आणि विरली. त्याच फवाऱ्याने माशीचे काय होते याची चर्चा तर सुरूच झाली नाही. इमिडाक्लोप्रिडसह तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर युरोपीय संघाने 2018 मध्ये मधमाश्या वाचाव्यात म्हणून बंद केला. आपल्याकडे कपाशीचे बियाणे त्याच औषधात घोळून येते. बंदी घाला असे एका पत्रात म्हणून काही होत नाही, हे मला कळते. पण कोणते औषध फुलावर चालते आणि कोणते नाही, हे दुकानदाराऐवजी कृषी सहायकाने सांगावे, एवढी अपेक्षा गैर नसावी.

तेव्हा संपादक महाराज, दोन विनंत्या. पहिली, पुढच्या रविवारी चार ओळींत का होईना, हा लेख थंड प्रदेशासाठी होता असे छापावे, म्हणजे पोरे कुंड्या परत जागेवर ठेवतील. दुसरी, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कीटकशास्त्राची माणसे आहेत, वर्ध्याजवळ दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने आग्या मोहोळाचा मध पोळे न जाळता काढायला शिकवले आहे. अशांना विचारून विदर्भातल्या माशा, त्यांची फुले आणि महिने यांवर लिहवून घ्यावे. धुरे पेटायला अजून पंधरा-वीस दिवस आहेत. त्याच्या आत छापले तर उपयोग.

आपली,
एक वाचक शेतकरी
ता. आर्वी, जि. वर्धा