‘कोणत्या हातानं खेळता?’ असं विचारणाऱ्या मॉडरला

नमस्कार,

तुम्ही मॉडर, म्हणजे तयार गेममध्ये हौसेनं बदल (मॉड) करून देणारे. तुमचं खरं नाव मला माहीत नाही, आणि तुम्ही ते सांगणारही नाही. तरी हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण मला ज्यांनी वाटेला लावलं तेही चारचौघांतच बोलले होते.

फायनल फँटसी टॅक्टिक्स 1997 सालचा गेम. त्यानंतर किती गेम आले नि गेले, मी मात्र पुन्हा पुन्हा त्यातल्या इव्हॅलिस या जगातच जात राहिले. आजारपणात उजवा हात गेला आणि धावाधाव, नेमबाजी असलेले सगळे गेम एका फटक्यात सुटले. हा एक उरला. इथे आपली पाळी आली की सगळं रणांगण थांबून राहतं. नकाशा बघा, उंची बघा, समोरच्याचा सीटी, म्हणजे त्याची पाळी कधी येणार ते दाखवणारा आकडा, कधी भरतोय ते बघा, हवा तेवढा वेळ घ्या. डोकं शाबूत असेल तर खेळता येतं, अशी माझी समजूत होती.

पण जेपीचं, म्हणजे नव्या क्षमता शिकायला लागणाऱ्या आणि लढाईतल्या प्रत्येक कृतीला थोडे थोडे मिळणाऱ्या गुणांचं, काय करायचं? ज्यांनी हा गेम खेळलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मांडालियाच्या माळावर शेवटचा एक शत्रू जिवंत ठेवायचा आणि आपल्याच सोबत्यांना दगड मारत बसायचं, नाहीतर पाळीमागून पाळी ॲक्युम्युलेट ही स्वतःची ताकद वाढवायची कृती करत राहायचं. प्रत्येक वेळी मेनू, कृती, लक्ष्य, होकार, आणि वर शेवटी तोंड कुठे करायचं तेही सांगायचं. धडधाकट माणसाला हा नुसता कंटाळा. माझा मात्र डावा हातही मनगटापासून भरून यायचा, आणि हाती काय, तर एखादी किरकोळ क्षमता.

मॉड शोधायला लागले तर जो तो गेम आणखी अवघड करण्याच्या मागे. त्याला माझी ना नाही, असे काही मॉड मी हात धड असताना आवडीनं खेळलेय. पण मदत मागितल्यावर जे ऐकायला मिळालं ते अजून विसरता आलेलं नाही. कोणी म्हणालं, झेपत नसेल तर दुसऱ्याचं खेळणं बघा. कोणी म्हणालं, सरळ चीट लावा. एकानं तर मोठ्या मनानं शेवटच्या लढाईआधीची सेव्ह फाइल पाठवायची तयारी दाखवली. म्हणजे गेमचा नायक रामझा, त्यानं भोगलेलं सगळं मी गाळायचं आणि थेट शेवट बघायचा! नावं घेत नाही. त्यांच्यातल्या कोणाला मला काय हवंय हेच विचारावंसं वाटलं नाही, एवढंच म्हणते.

तुम्हाला लिहिलं तेव्हा फारशी आशा नव्हती. उत्तर आलं एका ओळीचं: ‘कोणत्या हातानं खेळता, आणि एका बैठकीत किती वेळ जमतं?’

ती ओळ वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. हाताबद्दल लोक हळहळ व्यक्त करतात, सल्ले देतात, विषय बदलतात. तुम्ही तो आराखड्यात धरला. काम करणारा माणूस आधी माप घेतो, तसं सरळ विचारलंत. मला वाईट वाटेल का, म्हणून चाचरलाही नाहीत.

मग तुमचा पॅच, म्हणजे गेममध्ये बदल करणारी फाइल, आला. वाटेत आडव्या येणाऱ्या लढाया बंद आणि कथेतल्या लढायांतच जेपी भरपूर. एवढं कदाचित दुसऱ्या कोणीही केलं असतं. पण तुम्ही कॅमेराही बघितलात. होकार-नकाराची बटणं मी आधीच डावीकडे आणून ठेवली होती, त्या नादात नकाशा फिरवायला बटणच उरलं नव्हतं आणि भिंतीमागचा तिरंदाज मला कधी दिसायचा नाही. तुम्ही सिलेक्ट बटणावरची मदतीची चौकट काढलीत आणि तिथे नकाशाचं वळण बसवलंत, एकाच दिशेनं. चार वेळा दाबलं की पूर्ण फेरी. हे मी मागितलंही नव्हतं. ‘डावा हात’ एवढ्या उत्तरावरून तुम्ही ते ओळखलंत.

आणि जिथे हात लावायला नको तिथे लावला नाहीत, याचे आभार तर वेगळेच मानायला हवेत. रिओव्हानेसच्या किल्ल्यात व्हीग्राफ हा शत्रू पूर्वीसारखाच उभा होता आणि रामझा त्याच्यासमोर पूर्वीसारखाच एकटा. त्याची ताकद तुम्ही एका आकड्यानंही उतरवली नव्हती. मी हरले, पुन्हा हरले. मग ऑटो पोशन (मार बसला की आपोआप औषध घेणारी क्षमता) लावून, येल ही क्षमता वापरून वेग वाढवत वाढवत त्याला गाठलं. तो पडला आणि त्याच्या जागी व्हेलियस हा राक्षस उभा राहिला, तेव्हा मला ओरडायचं होतं, आनंदानं. ती लढाई माझी होती. तुम्ही माझ्या बोटांवरचा भार काढलात, डोक्यावरचा तसाच ठेवलात.

या कामाचे कोणी पैसे देत नाही. पॅचमध्ये असतो तो फक्त फरक, मूळ गेम ज्याचा त्यानं आणायचा. ते एफएफटीपॅचरसारखं साधन तरी कोणी पगारावर बनवलंय? गेममधल्या आकड्यांचे तक्ते लोकांनी हौसेनं उकलले, दुसऱ्यांसाठी खुले ठेवले, आणि त्यांच्या जोरावर तुम्ही एका अनोळखी बाईच्या मनगटासाठी रात्री घालवल्यात. जगात भली माणसं उरली नाहीत असं कोणी म्हणालं की हल्ली मला राग येतो. असतात. फक्त ती मोठ्यानं बोलत नाहीत, म्हणून आधी बाकीच्यांचा आवाज ऐकू येतो.

सध्या चौथ्या अध्यायात आहे. ऑर्लांडू हा जबरदस्त तलवारबाज सोबत आलाय, पण त्याला बाहेर बसवलंय, नाहीतर सगळं तोच उरकतो. अ‍ॅग्रियास मात्र प्रत्येक लढाईत असते.

तुमच्या पॅचमध्ये एकच गोष्ट खटकली, तीही तुम्हीच विचारलंत म्हणून सांगते: दुकानात एकेक औषध घेताना अजून फार दाबावं लागतं. जमलं तर बघा, नाही जमलं तरी काही बिघडत नाही. आणि पुढची आवृत्ती काढाल तेव्हा तपासायला मला द्या. डाव्या हातानं खेळून कुठे काय अडतं, ते सगळं लिहून पाठवीन.

तुमची,
एक खेळाडू