संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र : काडतुसे घरी भरायची वेळ आणू नका

मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार, यांना
सविनय नमस्कार.

नेमबाजीचा विषय म्हटला की पत्र क्रीडामंत्र्यांना जाते. मी आपल्याला लिहितो आहे, कारण ज्या वस्तूवाचून आमचे अडले आहे ती बनवणारे कारखाने आपल्या खात्याकडे आहेत. मी पुण्यात मुलामुलींना ट्रॅप आणि स्कीट, म्हणजे हवेत सुटणाऱ्या तबकड्या छऱ्याच्या बंदुकीने (शॉटगनने) फोडायचे दोन प्रकार, शिकवतो. त्यांच्याकडे बंदूक आहे, परवाना आहे, पहाटे उठून रेंजवर यायची तयारी आहे. काडतुसे मात्र वेळेवर मिळत नाहीत. आता रेंजवर कुजबूज सुरू झाली आहे की वापरलेल्या काडतुसांत पुन्हा दारू-छरे भरून ती घरीच तयार करावीत. त्यासाठी सरकारकडे रीतसर परवानगी मागू या, असेही काही पालक बोलू लागले आहेत. माझी विनंती अशी की ही परवानगी देऊ नका, पण ती मागायची पाळीच येणार नाही इतकी काडतुसे देशात बनवा.

ट्रॅपच्या एका राऊंडला २५ तबकड्या सुटतात आणि प्राथमिक फेरीत प्रत्येकीवर दोन बार टाकायची मुभा असते. म्हणजे राऊंडमागे २५ ते ५० काडतुसे. चार राऊंडचा साधा सराव करायचा तर शे-दीडशे काडतुसे सकाळीच संपतात. फेब्रुवारी २०२० मध्ये गृह मंत्रालयाने नेमबाजांची वार्षिक खरेदीमर्यादा वाढवली, त्याबद्दल आम्ही आभारीच आहोत. पण मर्यादा वाढली तरी माल यायला हवा ना! आमच्या हाती येणारी स्पर्धेची काडतुसे बहुतेक युरोपातून येतात. तिकडे मागणी वाढली किंवा खेप बंदरात अडकली की इथला डबा रिकामा. मग मुले भिंतीच्या कडेवरून नळी फिरवत कोरडा सराव करतात. त्याने बंदूक खांद्याला नीट लावायची सवय टिकते, पण सुटलेल्या तबकडीच्या किती पुढे मारायचे हा अंदाज फक्त बार टाकूनच पक्का होतो. पॅरिसला २०२४ साली महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका यांचे स्कीट मिश्रचे कांस्यपदक ४४-४३ असे एका तबकडीने गेले. त्या पातळीवर सरावातल्या खंडाची किंमत काय असते, हे वेगळे सांगायला नको.

गेल्या मोसमात माझ्याकडच्या एका मुलाने राऊंडला उभे राहताना खिशातून काडतूस काढले आणि माझे लक्ष त्याच्या तोंडाकडे गेले. कारखान्यातल्या काडतुसाच्या तोंडाच्या पाकळ्या घट्ट मिटलेल्या आणि सपाट असतात. याच्या पाकळ्या मधोमध खचल्या होत्या, आणि जिथे त्या एकत्र येतात तिथे टाचणीच्या टोकाएवढे भोक होते. हलवले तेव्हा एक छरा माझ्या तळहातावर पडला. प्लास्टिकच्या खोळीवर आधीच्या बारांची काजळी होती, पितळी मुलामा घासून खालचे लोखंड दिसत होते. कोणीतरी ओळखीच्याने 'भरून दिली' म्हणून त्याने ती घेतली होती. मी ती सगळी काढून घेतली आणि त्या दिवशी त्याला बंदूक हातात धरू दिली नाही. तो रडवेला झाला, राज्य स्पर्धा तोंडावर होती. त्याच्यावर मी रागावलो नाही. अठरा-एकोणीस वर्षांचे पोर, डबा रिकामा आणि स्पर्धा समोर, ते दुसरे काय करणार?

अशा काडतुसात काय होऊ शकते ते आपल्या अधिकाऱ्यांना ठाऊक आहेच, पण पालकांसाठी लिहितो. दारू थोडी जास्त पडली तर नळी फुटते, आणि ती फुटते डाव्या हाताच्या पंजापाशी, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. दारू कमी पडली तर आवाज फुसका येतो आणि दारू व छरे यांच्या मधली प्लास्टिकची वाटी नळीतच अडकू शकते. घाईत असलेल्या नेमबाजाला ते कळत नाही आणि तो दुसरा बार टाकतो, तेव्हाही नळी फुटू शकते. शेजारच्या स्थानकांवर इतर मुले उभी असतात.

अमेरिकेत लाखो लोक घरी काडतुसे भरतात, आपल्याकडे का नको, असे मला विचारले जाते. तिथली परंपरा जुनी आहे, यंत्रे आणि वजनाची कोष्टके दुकानात मिळतात, आणि काळजीने काम करणारे लोक मी पाहिले आहेत. पण टंचाईवरचा उपाय म्हणून त्याकडे बघणाऱ्यांनी २०२० ते २०२२ या काळात तिथेच काय झाले ते पाहावे. मागणी एकदम वाढली, रेमिंग्टन कंपनी २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि काडतुसांच्या आधी दुकानांतून प्रायमर गायब झाले. प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडातली ठिणगीची टोपी. ती घरी बनवायची गोष्टच नाही, अमेरिकेतही ती मोजक्याच कंपन्या बनवतात. घरात यंत्र आहे, छरे आहेत, रिकाम्या खोळींची पोती आहेत, आणि टोपीवाचून सगळे पडून, अशी तिथल्या लोकांची गत झाली. युक्रेन युद्धानंतर दारूचीही तीच कथा, कारण नायट्रोसेल्युलोज आधी तोफगोळ्यांकडे जाऊ लागले. घरी भरणारा माणूसही शेवटी त्याच कारखान्यांवर अवलंबून असतो.

शिवाय हा मार्ग फक्त शॉटगनवाल्यांना आणि मोठ्या बोअरच्या (म्हणजे नळीच्या व्यासाच्या) काही प्रकारांना सुचतो. स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवले, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण. दोघेही कोल्हापूरचे, आणि दोन्ही प्रकार पॉइंट २२ (०.२२ इंच व्यासाच्या) काडतुसाचे. त्याला वेगळी टोपी नसते. ठिणगी देणारे मिश्रण बुडाच्या पोकळ कडेत पसरलेले असते आणि पिन आपटली की ती कड चेपते. ते काडतूस पुन्हा भरता येतच नाही. कोल्हापूरच्या पोरांनी टंचाईत काय करायचे?

कायद्याचेही सांगतो, कारण रेंजवर याबद्दल फार गैरसमज आहेत. 'बंदुकीचा परवाना आहे, मग काडतूस माझे मी भरले तर बिघडले कुठे?' असे सुशिक्षित माणसे विचारतात. शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रेही दारूगोळ्यात मोडतात. कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या उल्लंघनाला किमान सात वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप. ज्या मुलाला देशाची जर्सी घालायची आहे, त्याला या वाटेला लागू द्यायचे का?

साहेब, मला सगळ्यात जास्त टोचते ते हे की या काडतुसाची सगळी साखळी महाराष्ट्रातच आहे. नायट्रोसेल्युलोज सरकीवरच्या बारीक तंतूपासून बनते, आणि कापूस तर विदर्भ-खानदेशात पिकतो. भंडाऱ्याला दारू बनते, वरणगावला लहान शस्त्रांचा दारूगोळा बनतो, आणि खडकीचा कारखाना १८६९ पासून उभा आहे. 'शक्तिमान' नावाचे बारा बोअरचे काडतूस खडकीचेच. कोकणातल्या परवानाधारक शेतकऱ्याला ते माहीत आहे. जुन्या पितळी काडतुसांच्या बुडावरची 'केएफ' ही अक्षरे पाहून आमच्या पिढीने खडकी ओळखली. ऑक्टोबर २०२१ मध्ये या कारखान्यांची म्युनिशन्स इंडिया ही कंपनी झाली, तिचे मुख्यालयही पुण्यात. या कामगारांच्या हातावर माझा पूर्ण विश्वास आहे. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या कारखान्यातल्या स्फोटात कामगारांचे जीव गेले, तेव्हापासून तर मला हे अधिकच वाटते की दारू हाताळण्याचे काम प्रशिक्षित माणसांनी, नियमांच्या चौकटीत, नीट देखरेखीखालीच करावे. जे काम तिथे इतके जोखमीचे आहे ते एखाद्या फ्लॅटच्या बाल्कनीत सुरक्षित कसे होईल?

म्हणून मागणी सरळ आहे. स्पर्धेचे २४ ग्रॅमचे बारा बोअर काडतूस आणि स्पर्धेच्या दर्जाचे पॉइंट २२ काडतूस यांचे वार्षिक उत्पादन म्युनिशन्स इंडियाला ठरवून द्या. मागणी किती, हे राष्ट्रीय रायफल संघटनेने राज्य संघटनांकडून वर्षाच्या सुरुवातीलाच गोळा करून आपल्याला कळवावे. ते काम आमचे आहे आणि ते आम्ही करू. लष्कराच्या मागणीपुढे आमचे आकडे किरकोळ आहेत, हे मान्य. पण एनसीसीचे छात्र पॉइंट २२ रायफलवरच नेम धरायला शिकतात आणि एनसीसी आपल्याच मंत्रालयाखाली येते. दोन्ही मागण्या एकत्र केल्या तर पुरेसे काम निघेल असे मला वाटते. दर्जाच्या बाबतीत एकच गोष्ट सांभाळावी लागेल: दर खेपेला वेग तोच हवा. या महिन्याचे काडतूस जलद आणि पुढच्या महिन्याचे मंद निघाले, तर मुलांचा अंदाज बिघडतो आणि मग ती परदेशी मालाकडेच वळतील.

आयात लगेच बंद करा असे मी म्हणत नाही. वरच्या फळीतल्या खेळाडूला त्याच्या सवयीचे काडतूस मिळत राहावे. पण गावाकडून येणाऱ्या, नुकताच परवाना मिळालेल्या मुलीला सरावासाठी देशी काडतूस परवडणाऱ्या दरात आणि वेळेवर मिळाले, तर ती कोणा 'ओळखीच्या'कडे जाणार नाही.

पहिल्या नमुन्याच्या खेपेची चाचणी घ्यायची असेल तर पुण्यातले नेमबाज आणि प्रशिक्षक विनामोबदला येतील. प्रत्येक काडतुसाची नोंद ठेवून अहवाल आपल्या अधिकाऱ्यांच्या हाती देऊ. ही चाचणी कोणत्या महिन्यात घेता येईल, एवढे आपल्या कार्यालयाकडून कळावे.

आपला नम्र,
पुण्यातील एक शॉटगन प्रशिक्षक